मास्तरांचा हात

रविवारी दुपारी दत्ताराम आग्रे लेकीला एसटी स्टँडवर सोडायला निघाले, तेव्हा त्यांनी रिक्षाची मागची सीट तीनदा झटकली.

"आबा, मी लग्नाला नाही चालले. पुण्याला चाललेय," हर्षाली म्हणाली.

"तू खयं पण जा. गाडी नवीन हाय. डाग पडला तर तुझी कंपनी भरून देणार काय?"

"देईल की. कॅलेंडरवर फोटो छापलाय तुमचा."

"तो पण डोळे मिटलेला."

"मिटलेले नायत," ओटीवर कोकमं निवडत बसलेली आई म्हणाली. "हसलात की तसेच होतात. लग्नाच्या फोटोत पण तसेच हायत."

आबांनी तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि किल्ली फिरवली. हर्षाली आईला अगंतुगं करायची, आबांना अहोजाहो. घरात कुणी तसं शिकवलं नव्हतं. आबा होतेच तसे. टेंभ्यातल्या आणि खालच्या बाजारातल्या निम्म्या रिक्षावाल्यांना त्यांनी गाडी शिकवली होती. चौथीत शाळा सुटलेल्या या माणसाला सगळा रिक्षा स्टँड 'मास्तर' म्हणत असे, आणि मास्तरांच्या गाडीत बसून त्यांना 'हळू' म्हणायची कुणाची छाती नव्हती.

टेंभे गाव कातळावर. खाली खाडीच्या काठी बाजार, स्टँड आणि सहाण, ग्रामदेवतेची पालखी टेकवायचा चौथरा. मधे अडीच किलोमीटरची घाटी, चार वळणं, एका अंगाला जांभ्या चिऱ्यांची रचीव भिंत, गडगा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्याच्या तोंडावर इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला आणि गाडी हलकी झाली. पाठीवरचं ओझं कुणीतरी उचलून घ्यावं, तशी. हर्षालीचा हात नकळत दांडीवर गेला. आबांची दोन्ही मनगटं स्थिर होती. त्यांनी काहीच केलं नव्हतं; गिअर गाडीतल्या नव्या पेटीने बदलला होता.

"बगितलंस?" ते आरशातून हसले. डोळे खरंच मिटले. "न्यूट्रल. आपणहून. शिकला गो माझा बाळ्या!"

तिने तोंड उघडलं. वारा भरून आत आला, आणि ती म्हणाली, "हं."

तिसऱ्या वळणाआधी आबांनी मान किंचित वर करून हवेचा वास घेतला. ब्रेक तापला की लायनरचा एक जळका वास येतो. तो यायच्या आत ते डाव्या हाताचं बटण दाबून दुसरा गिअर मागून घेत. आजही घेतला. गाडी घोगऱ्या आवाजात अडली, वेग बसला. स्टँडवर त्यांनी तिची बॅग एसटीत चढवली, खिडकीखाली उभे राहून "पोचलीस की फोन" म्हणाले, आणि गाडी सुटायच्या आत एक भाडं मिळालं म्हणून निघूनही गेले.

तिच्या आयुष्यातला तो शेवटचा साधा दिवस.

*

बॅटरीच्या रिक्षा मोठ्या शहरांत येऊन जुन्या झाल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. कोकणातल्या चढांवर त्या दुपारीच दमत. इथे बायोगॅसवरची इंजिनं टिकून होती, आणि इंजिन म्हटलं की गिअर आला. रिक्षाचा गिअर डाव्या मुठीत असतो. क्लच दाबायचा, मूठ फिरवायची, सोडायचा. दिवसाला दीड-दोन हजार वेळा. पन्नाशीला आलेल्या रिक्षावाल्याचं डावं मनगट बघा, म्हणजे काय ते कळेल.

बिनगिअरची स्कूटर सगळ्यांनी चालवलेली असते. तिच्यात एक पट्टा दोन कप्प्यांवर फिरतो, वेगाप्रमाणे कप्प्या लहान-मोठ्या होतात, आणि इंजिन मंद झालं की क्लच आपोआप सुटतो. सपाटीवर ते छान. उतारावर मात्र मूठ बंद केल्यावर एका क्षणी इंजिन चाकाचा हात सोडून देतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दोन माणसांच्या स्कूटरला चालून जातं. पाच माणसं आणि माशांच्या टोपल्या भरलेल्या तीनचाकीला नाही. म्हणून हर्षालीच्या कंपनीने, पुण्यातल्या 'अनुगती'ने, दुसरी वाट धरली. गिअर खरेच ठेवायचे, दातेरी, पोलादी. फक्त क्लच ओढायला एक छोटी मोटर, मूठ फिरवायला दुसरी.

मोटर कधी चालवायची, हा प्रश्न उरला, आणि तो लोखंडाचा नव्हता. तो अकलेचा होता. पुस्तकातले नियम घातलेली संगणकाची पेटी घाटात धापा टाकत होती. मग हर्षालीनेच सुचवलं की नियम लिहू नयेत, हात नोंदवावेत. चांगल्या चालकांच्या मुठींवर सेन्सर बसवावेत, आठ महिने बघावं, आणि पेटीने त्यातून शिकावं. त्यानंतरही शिकत राहावं. रोज प्रत्येक रिक्षा आपला दिवस वर पाठवणार, सगळ्यांचं मिळून एक शहाणपण खाली येणार. कमी गॅसमध्ये सुखरूप पोचलं की पेटीला बक्षिसाचा गुण, इंजिनाला त्रास झाला की दंड.

दहा चालक निवडले. त्यांत आबांचा हात सगळ्यांत सरस निघाला. पुण्यातल्या सभागृहात त्यांच्या गिअर बदलण्याचा आलेख पडद्यावर लावला होता, आणि डॉक्टरेट केलेली माणसं त्याकडे तोंडात बोट घालून बघत होती. आबा पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसले होते. नव्या पेटीचं कंपनीने दिलेलं इंग्रजी नाव रत्नागिरीत कुणी उच्चारलंच नाही. रिक्षावाले तिला सुरुवातीपासून 'मास्तर' म्हणायला लागले. "मास्तरवर टाक", "मास्तर बघतो काय ते." तीन महिन्यांत जिल्ह्यात सहाशे चाळीस रिक्षांत मास्तर बसला.

त्या आलेखात हर्षालीला एक गोष्ट दिसली होती, जी दुसऱ्या कुणाला दिसली नाही. उतारावर दोनशे बारा ठिकाणी आबांनी गाडी न्यूट्रलला टाकली होती. बहुतेक वेळा रिकामी. बावन्न वेळा भरलेली. गॅस वाचवायची ही जुन्या रिक्षावाल्यांची खोड आहे, आणि ती पुस्तकात, कायद्यात, सगळीकडे चूक आहे. आबांचं नाक त्यांना सांभाळून घेत होतं एवढंच. हर्षालीने त्या दोनशे बारा तुकड्यांवर 'वगळावे' अशी खूण केली. मग तिला आबांचा इस्त्रीचा शर्ट आठवला. तुकडे वगळले की त्यांचा आकडा दहाजणांत चौथा येत होता, आणि का वगळले हे त्यांना सांगावं लागलं असतं. तिने खुणा काढून टाकल्या.

*

सोमवारी पावणेबाराला फोन आला.

घाटीच्या माथ्यावरून आबांनी पाच बायका घेतल्या होत्या, बाजाराला निघालेल्या. दुसऱ्या वळणानंतर गाडी धरेना. त्या बायकांनी नंतर जे सांगितलं त्यात सगळ्यांचं एक वाक्य सारखं होतं. मास्तर ओरडले नाहीत. "पाय वर घ्या, एकमेकींना धरा," एवढं म्हणाले आणि त्यांनी गाडी हळूहळू गडग्याला घासत नेली, डावं अंग सोलून काढत. वेग निम्म्यावर आला. मग गडग्यातून बाहेर आलेला एक चिरा पुढच्या चाकाला लागला. मागच्या पाचजणींपैकी एकीचा हात मोडला. पुढे एकटे आबा होते.

हर्षाली रात्रीपर्यंत पोचली. ज्या घाटीतून आली ती तिने डोळे मिटून पार केली.

सुतकाचे दिवस सुरू झाले. शेजारणी जेवण आणून देत. देव्हारा बंद. माणसं यायची, ओटीवर बसायची, "देवमाणूस हो" म्हणायची आणि उठून जायची. हनीफ मुजावर रोज यायचा. आबांचा पहिला शिष्य, आता स्टँडचा अध्यक्ष, पंचेचाळिशीचा, बोलघेवडा. आताशा तो बोलत नव्हता. एका दिवशी जाता जाता म्हणाला, "बाय, स्टँडवर ठरलंय. सगळ्यांनी मास्तर चालूच ठेवायचा. कोणी बंद करणार नाय. माणूस गेला, हात तरी ऱ्हावदे."

सहाव्या दिवशी, आई आत पडलेली असताना, हर्षालीने लॅपटॉप उघडला. त्या रिक्षाची नोंद तिला बघता येत होती. ती बघायची हिंमत जमवायला पाच दिवस लागले होते.

दहा बेचाळीस. न्यूट्रल. पेटीचा निर्णय. वेग ताशी चौतीस.

मग चालकाचं बटण. दुसरा मागितला. नाकारला. कारण, वेग जास्त, इंजिनाला धोका.

दुसरा मागितला. नाकारला.

वेग त्रेचाळीस. दुसरा मागितला. नाकारला.

तिने मोजलं. एकोणीस सेकंदांत अकरा वेळा. बाराव्या वेळी बटण दाबलं गेलं नव्हतं. तेव्हा दोन्ही हात गडग्याकडे गाडी वळवण्यात गुंतलेले असणार.

नकार देण्याचा तो नियम ऑफिसात तिच्याच खोलीत बसणाऱ्या एका मुलाने लिहिला होता, आणि तो चूक नव्हता. भलत्या वेगात दुसरा गिअर घातला तर इंजिन फुटू शकतं. जुन्या गाडीत आबांनी मूठ करकचून फिरवली असती, इंजिन किंचाळलं असतं, कदाचित फुटलं असतं, आणि गाडी थांबली असती. पेटीने इंजिन वाचवलं.

पण भरल्या गाडीत पेटी इतक्या वरच न्यूट्रलला गेलीच का? तिने तीन महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक लावल्या, सगळ्या रिक्षांच्या, टेंभ्याच्या घाटीतल्या. मार्गशीर्षात न्यूट्रल चौथ्या वळणावर होता, शेवटच्या टप्प्यावर, आबा टाकायचे तिथेच. पौषात तिसऱ्यावर. माघात दुसऱ्यावर. दर वेळी गॅस वाचला, गाडी सुखरूप पोचली, गुण मिळाला, आणि पेटीने एक पाऊल वर टाकलं. वासासाठी गुण नव्हता, दंडही नव्हता. पेटीला नाक नव्हतं.

आणि वजन? गाडीत काटा नव्हता. चढताना इंजिनाला किती जोर लागला यावरून पेटी वजन ओळखायची. रिकामी चढलेली रिक्षा माथ्यावर माणसं भरून उतरायला लागली, की पेटीच्या हिशेबी ती रिकामीच असे. आबा त्या सोमवारी रिकामे चढले होते.

तिने लॅपटॉप मिटला. मग तिने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शिमगा. तीन दिवसांनी पालखी सहाणेवर नाचणार होती. त्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक वरच्या वाडीत रिक्षा रिकाम्या चढतात आणि सहा-सहा माणसं घेऊन उतरतात. दिवसभर.

*

"हर्षाली, तू या मनःस्थितीत काम करू नयेस," फोनवर करमरकर म्हणाले. ते तिचे वरिष्ठ, आणि वाईट माणूस नव्हते.

"सर, न्यूट्रल बंद करायचा आदेश पाठवा. सगळ्या गाड्यांना. आज."

"चालत्या गाडीच्या गिअरचा नियम चाचणीशिवाय बदलायचा? तुला माहितेय, कमीत कमी नऊ दिवस. घाईत पाठवलेल्या आदेशाने उद्या दुसरंच काही झालं तर?"

ते खरं होतं. म्हणूनच ते भयंकर होतं.

"मग चालकांना कळवा की पेटी बंद ठेवा, हाती चालवा."

"काय कारण देऊ? ब्रेक तपासून घ्या असं कळवलंय आपण." त्यांनी आवाज खाली आणला. "मी मूळ नोंदी बघितल्यात. न्यूट्रल कुणाच्या हातातून आला ते मला कळलंय. खुणा कुणी काढल्या तेही. मी ते वर नेलेलं नाही. तुझ्या वडिलांचं नाव चांगलं राहावं असं मला मनापासून वाटतं."

तिने फोन ठेवला. दारात आई उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"न्यूट्रलचं बोलत होतीस?"

"तुला माहीत होतं?"

"तीस वर्षं मागच्या सीटवर बसलंय मी. एकदा बोलले होते, तू पोटात असताना. ते दोन दिवस जेवले नाय. मग मी पोटाशी हात धरून बसायची आणि देवाचं नाव घ्यायची." आई खाली बसली. "तू नको बोलू बाहेर. जिता माणूस भांडून उत्तर तरी देतो. मेलेल्यानं काय करायचं?"

"आई, माणसं मरतील."

आई पदराने जमिनीवरचा नसलेला कचरा झटकत राहिली.

हर्षालीने हनीफला फोन लावला. पेटीत बिघाड आहे, म्हणाली. उतारावर हाती चालवा, सगळ्यांना सांगा. पण कोणता बिघाड, कुठून आला, हे तिने सांगितलं नाही. अर्धं खरं सांगून भागतंय का, ते बघितलं.

"कंपनीचा मेसेज आलाय की बाय. ब्रेक तपासले सगळ्यांनी. माझे नवीन लायनर टाकले," हनीफ म्हणाला. "तू जेव काहीतरी. मास्तरांच्या हातात बिघाड? काय पण!"

*

पालखीच्या दिवशी दुपारी तीनला घाटीच्या माथ्यावर सोळा रिक्षा रांगेत लागल्या होत्या. खालून ढोलांचा आवाज येत होता. मुंबईकर चाकरमानी, नव्या साड्यांतल्या बायका, गुलालाने माखलेली पोरं, सगळे एकमेकांना ढकलत सीटवर बसत होते. पहिली गाडी हनीफची. मागे पाचजण, पुढे त्याच्या शेजारी अर्ध्या सीटवर सहावा, एक चाकरमानी.

हर्षाली त्याच्या चाकापुढे जाऊन उभी राहिली. नऊ दिवस न विंचरलेले केस, पायात चपला नाहीत. ती घरातून तशीच उठून आली होती.

"ही आग्र्यांची ना?" मागून एक बाई म्हणाली. "सुतक हाय ना घरात? पालखीच्या वाटेवर कशी आली?"

"दहावं पण नाय झालं अजून."

"बाय, बाजूला हो," हनीफ हळू आवाजात म्हणाला. "घरी जा. लोकं बोलतात."

"पेटी बंद करा, हनीफभाई. हातीवर घ्या. दुसऱ्यात टाका आणि खालपर्यंत सोडू नका."

"परत तेच?"

"तुम्ही रिकामे चढलात. तिला वाटतंय गाडी रिकामी आहे. पहिलं वळण संपायच्या आत ती न्यूट्रलला जाईल. मग तुम्ही काही मागा, ती देणार नाही. आबांनी अकरा वेळा दुसरा मागितला. मी बघितलंय. अकरा वेळा."

हनीफचा चेहरा क्षणभर सैल झाला. तेवढ्यात पुढचा चाकरमानी घड्याळ बघत म्हणाला, "अहो, पालखी उठेल तिकडे! ताई, दुःख समजतो आम्ही, पण रस्ता अडवायचा का?"

"ए चाकरमान्या, गप बस," हनीफ त्याला म्हणाला, आणि तिच्याकडे वळला. आता त्याचा आवाज चढला होता. "न्यूट्रलला जाते तर जाते. मास्तर पण टाकायचे. मला कोणी शिकवलं? ह्याच घाटीत, ह्याच जागेवर, त्यांनीच. तीस वर्षं टाकला त्यांनी न्यूट्रल, एक ओरखडा नाय कोणाला. त्या दिवशी लायनर गेला असेल, नशीब गेलं असेल. माझे लायनर नवीन हायत."

"नवे लायनरही सहा माणसांखाली तापतात."

"मग वास येईल. मास्तरांनी शिकवलंय मला वास घ्यायला."

"वास येईपर्यंत वेग चाळीसवर गेलेला असेल. चाळीसला ती गिअर देत नाही. जुन्या गाडीत दिला असता. हिच्यात नाही."

मागच्या रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. तिसऱ्या गाडीतला एक पोरगेला चालक खाली उतरून ओरडला, "हनीफभाई, काय झालं? हातीवर घ्यायची म्हणतेय काय? मला हाती येत पण नाय! मी शिकलो तो मास्तरवरच!" दोघे-तिघे हसले. सोळा गाड्या, शंभराच्या आसपास माणसं. त्यांतल्या काही गाड्यांच्या चालकांनी आयुष्यात गिअर टाकलेला नव्हता. आणि इतर वाड्यांच्या माथ्यांवर अशाच रांगा होत्या. हनीफ अध्यक्ष होता. त्याने रिक्षावाल्यांच्या गटावर एक निरोप टाकला, तर सगळ्या थांबणार होत्या. नाही तर एकही नाही.

हनीफने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. गाडीच्या काचेवर सगळ्यांनी चिकटवलेला तोच कागद होता, आबांचा फोटो, खाली 'मास्तर आमच्या हातात'.

"हो बाजूला. मास्तरांची लेक हायस म्हणून ऐकून घेतलं. तुला म्हणायचंय काय नक्की? कंपनी चुकली? मग कंपनीला बोल. पेटी चुकली? पेटीत मास्तरांचा हात हाय. मग काय, मास्तर चुकले?"

हॉर्न वाजत होते. माथ्यावरच्या पायवाटेने एक बाई डोक्यावरून पदर घेऊन येत होती. ती आई आहे, हे हर्षालीला चालीवरून कळलं. आई गर्दीच्या कडेला येऊन थांबली. पुढे आली नाही, आणि मागेही फिरली नाही.

"हो," हर्षाली म्हणाली.

हनीफने इंजिन बंद केलं नाही, पण त्याची मूठ थांबली.

"मास्तर चुकले," ती म्हणाली. आवाज फुटत होता, म्हणून तिने तो मोठा केला. "उतारावर न्यूट्रल टाकणं चूक आहे. त्यांचं चूक होतं, तुम्हाला शिकवलं तेही चूक होतं. त्यांना नाक होतं म्हणून निभावलं. पेटीने त्यांचा न्यूट्रल घेतला आणि नाक घेतलं नाही. तो न्यूट्रल मी आत येऊ दिला. माझ्यासमोर होता, दोनशे बारा वेळा. मला काढता येत होता. आबांना वाईट वाटेल म्हणून मी ठेवला. मी खोटं सांगत असेन तर घाला गाडी अंगावर."

कुणीतरी मागच्या हॉर्नवरचा हात काढला. मग दुसऱ्याने. ढोल तेवढे खाली वाजत राहिले.

"तायडे, खरं काय गो हे?" ज्या बाईने सुतकाचा विषय काढला होता, तिनेच आईला विचारलं.

आईने तिच्याकडे बघितलं नाही. ती हनीफकडे बघत होती. "हनीफ," ती म्हणाली, "पोरीचं ऐक. माझं नाय ऐकलं त्यांनी."

हनीफने काचेवरच्या कागदाकडे बघितलं. मग त्याने खिशातून फोन काढला, तोंडाजवळ धरला आणि गटावर बोलला, कोरड्या आवाजात, एखादा पत्ता सांगावा तसा. "अध्यक्ष बोलतोय. सगळ्या वाड्यांच्या गाड्यांनी जाग्यावर थांबा. मास्तर बंद करा. हाती येतं त्यांनी दुसऱ्यात टाकून उतरा, मधे बदलायचं नाय. येत नाय त्यांनी माणसं खाली उतरवा, चालत जावदे त्यांना." शेजारचा चाकरमानी काही बोलायला गेला आणि त्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं. "काय बघतोस? उतर. तुझ्यामुळे सहा झालीत."

मग तो हर्षालीला म्हणाला, "बंद करायचं बटण किती वेळ धरायचं?"

"दहा सेकंद. दिवा विझेपर्यंत."

त्याने अंगठा ठेवला. मागच्या गाड्यांतूनही एकेकाने ठेवला. पोरगेला चालक आपल्या गाडीतली माणसं खाली उतरवत होता, त्यांची कटकट खाली मान घालून ऐकत होता. इंजिनं जागच्या जागी घुरघुरत होती.

हर्षाली वळली. तिच्यासमोर घाटी होती, पहिलं वळण, आणि त्याच्यापुढे उन्हात तापलेला लालसर गडगा. तिथे कुणीही नव्हतं. तरी ती बोलली तेव्हा आई दचकली, कारण लेकीने हा सूर कधी लावला नव्हता, ना लहानपणी, ना मोठेपणी. तक्रारीचा नाही आणि रडण्याचाही नाही. घरातल्या माणसाला घरातलं माणूस सांगतं, तसा.

"आबा," ती मोठ्याने म्हणाली, "उतारावर न्यूट्रल टाकू नका. तुमचं चुकतंय."